आवळीखाली बसण्यापूर्वी वर पाहा

कार्तिक महिना लागला की महिला मंडळे, भजनी मंडळे आणि शेजारपाजारची कुटुंबे आवळीभोजनाच्या तयारीला लागतात. कार्तिक शुद्ध नवमीला किंवा पौर्णिमेपर्यंतच्या एखाद्या सोयीच्या दिवशी आवळीच्या झाडाची पूजा करायची, खोडाला सूत गुंडाळायचे आणि मग सर्वांनी झाडाखाली पंगत मांडून जेवायचे, अशी ही आपली जुनी रीत आहे.

आरोग्याच्या दृष्टीने ही रीत चांगलीच आहे. चार भिंतींत अडकलेली आजी-आजोबा मंडळी त्यानिमित्ताने चालतात, उन्हात बसतात, चार माणसांशी बोलतात. एकटेपणावर यासारखे औषध नाही. शिवाय आवळ्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. म्हणून प्रथमच सांगतो, आवळीभोजनाला जरूर जा. मात्र रान म्हणजे आपले माजघर नव्हे. तेथे आपल्याआधी राहणारे अनेक जीव आहेत. त्यांची ओळख ठेवून गेले तर दिवस आनंदात जातो.

यांपैकी सर्वांत महत्त्वाचा जीव म्हणजे आग्या मधमाशी. आवळीचे झाड फार उंच नसते. पण शेजारी वड, पिंपळ, आंबा असतो, जवळ एखादा कडा, पाण्याची टाकी किंवा जुन्या देवळाचे शिखर असते. आग्या मोहोळ अशाच उंच जागी उघड्यावर लोंबत असते आणि त्यात हजारो माशा असतात. आपण खाली धूप, उदबत्ती, कापूर लावतो, होम करतो, तीन दगडांची चूल पेटवतो. हा धूर वर गेला की माशा बिथरतात. मुलांनी मारलेला दगड किंवा फटाका हेही कारण पुरते.

मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या डंखातून एक गंध बाहेर पडतो. तो इतर माशांना 'येथे शत्रू आहे' असे सांगतो. म्हणूनच एक माशी चावली की पाठोपाठ दहा येतात. हात झटकणे, पदराने हाकलणे किंवा माशी चिरडणे यांमुळे हल्ला वाढतो.

हल्ला झालाच तर काय करावे? पदर, टॉवेल किंवा चादर डोक्यावर घेऊन नाक, डोळे व तोंड झाकावे आणि तडक पळत दूर जावे. मोटार, बस किंवा घर जवळ असल्यास आत शिरून दारे-खिडक्या बंद कराव्यात. जागच्या जागी गोल फिरू नये. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नये; माशा वर घोंघावत राहतात आणि बुडण्याचा धोका वेगळाच. लहान मुले व वृद्ध यांना कोणी उचलायचे, हे आधीच ठरलेले असावे.

सुरक्षित जागी पोचल्यावर प्रथम काटे काढावेत. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसह कातडीत राहतो आणि विष आत सोडत राहतो. नखाने, पत्त्याने, चिमट्याने, कशानेही काढा, पण लवकर काढा. नंतर जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी किंवा बर्फ ठेवावा. हातातील बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वीच उतरवाव्यात. चुना, माती, रॉकेल लावण्यात वेळ घालवू नये.

एक-दोन डंखांनी बहुतेकांना फक्त दुखते व सूज येते. परंतु काहींना या विषाची ॲलर्जी असते आणि त्यांना एकच डंख जिवावर बेतू शकतो. अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, उलट्या होणे, चक्कर येऊन गळून जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. बहुधा ती काही मिनिटांतच सुरू होतात. अशा वेळी रुग्णाला आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत; धाप लागत असेल तर टेकून बसवावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्यावे. यावर खरे औषध म्हणजे मांडीत देण्याचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. घरातली ॲलर्जीची गोळी ही त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. ॲलर्जी नसली तरी खूप डंख बसल्यास विषाचा भार स्नायूंवर आणि मूत्रपिंडांवर पडतो. 'आता बरे वाटते' म्हणून घरी बसू नये. लघवी कमी झाली किंवा तांबडी-काळसर होऊ लागली तर उशीर मुळीच नको. मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना दहा-वीस डंखांनंतरही डॉक्टरांना दाखवावेच.

आता पंगतीविषयी. सकाळी सहाला शिजवलेला मसालेभात डब्यात कोंबून दुपारी दोनला वाढला की संध्याकाळी उलट्या सुरू होतात. भातातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात झपाट्याने वाढतात. त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे भात शक्यतो तेथेच शिजवून गरम वाढावा. घरून न्यायचे असेल तर भाकरी, कोरडी चटणी, लोणचे, दशम्या बऱ्या. पिण्याचे पाणी घरून उकळून न्यावे.

मधुमेही मंडळींना एक सूचना. पूजा होईपर्यंत उपाशी राहायचे आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र रोजच्यासारखे घ्यायचे, हे धोक्याचे आहे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि उपवासाआधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवावा.

थोडक्यात, मंडळाने एवढे करावे :

१. आदल्या दिवशी दोघांनी जागा पाहून यावी. मोहोळ दिसल्यास जागाच बदलावी. ते काढण्याचा किंवा हुसकण्याचा खटाटोप करू नये.

२. होम व चूल टाळणे उत्तम. निरांजन आणि फुले यांनीही पूजा पूर्ण होते.

३. वाढलेल्या गवतात बसू नये. स्वच्छ जागी जाड सतरंजी अंथरावी व पायांत चपला ठेवाव्यात.

४. एक वाहन जेवण संपेपर्यंत तेथेच थांबवावे. जवळचा दवाखाना सर्वांना माहीत असावा.

५. पूर्वी माशी चावून त्रास झालेल्याने तसे आधीच सांगावे.

वाचकहो, झाडाची पूजा करायची तर त्या झाडाच्या शेजाऱ्यांचाही मान ठेवला पाहिजे. पूजेच्या साहित्याची यादी कराल तेव्हा हळद-कुंकवाखाली 'जागा पाहून येणे' हेही लिहून ठेवा.