मुक्या जिवाची जबाबदारी : सहावी ते आठवीच्या मुलांसाठी घरचा पाठ



गटाच्या कर्जातून कुणी उस्मानाबादी शेळी घेतली, कुणी गाय, हे आपल्या वहीत लिहिलेलं आहे. पण त्या शेळीला दुपारी पाणी कोण दाखवतं? बऱ्याच घरी शाळेतून आलेली मुलगी नाहीतर मुलगा. कर्ज आपल्या नावावर, जनावर मुलांच्या हातात. म्हणून हा पाठ मुलांसाठी आहे आणि तो तुम्हीच शिकवायचा आहे. फळा लागत नाही, गोठा पुरतो.

१. पाळलं म्हणजे काय?
मुलांना विचारा, “दारातलं कुत्रं आपलं आहे का?” ती हो म्हणतील, कारण आपण त्याला भाकरी टाकतो. मग पुढचं विचारा, “त्याला लस कुणी द्यायची? आजारी पडलं तर कुणी बघायचं?” पाळणं म्हणजे खाणं, पाणी, सावली, औषधपाणी आणि मारहाण न करणं, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दरवर्षी एकदा. शेळ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस. ही तारीख मुलांनी घरच्या कॅलेंडरवर स्वतः लिहावी.

२. खांदेमळणी कशासाठी?
पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतो. खांद्यालाच का? कारण वर्षभर जू तिथंच असतं. मग बाकीच्या दिवसांचं काय? मुलांना बैलाचा खांदा, शेळीच्या गळ्यातला दोर आणि खुरं रोज बघायला लावा. जखम दिसली की लगेच सांगायचं.

जनावरांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ त्यांना गाडीला जुंपायचं नाही, असं त्यात आहे. आपल्या हिंगोलीतला एप्रिल-मे तुम्हाला वेगळा सांगायला नको.

३. चावलं तर लपवायचं नाही
हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पोरं पिल्लाची शेपूट ओढतात, दगड मारतात, मग ते चावतं. घरी रागावतील म्हणून पोरगं सांगतच नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टळतो. म्हणून आधी आपण कबूल करायचं, “चूक तुझी असली तरी रागावणार नाही, आधी सांग.”

मग हे पाठ करून घ्या :
- जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची.
- मिरची, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही.
- त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस घ्यायचे, मधे सोडायचे नाहीत.
- पिल्लू लहान आहे, नुसतं ओरखडलंय, म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणि हेही सांगा : जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, स्थिर उभं राहायचं.

बैठकीत काय करायचं?
गावात किती कुत्र्यांना लस दिली आणि किती राहिली, याची यादी मुलांकडून करून घ्या. ती ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. जनावर आजारी असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो, हा नंबर मुलांना तोंडपाठ हवा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याआधी गुरुजींना भेटून शाळेत एक तास मागा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एकच सांगायचं : आपल्या पोराने घरच्या जनावरात काय नवीन पाहिलं?

तुमची,
क्षेत्र समन्वयक