प्रबंधाची अक्षरजुळणी

पाठपरिचय

प्रबंध, शोधनिबंध, पाठ्यपुस्तक यांसारखे लेखन आज संगणकावर केले जाते. त्यासाठी दोन प्रकारची साधने वापरात आहेत. एक वर्ड प्रोसेसर, म्हणजे टंकलेखन आणि पानाची सजावट एकाच वेळी करू देणारी आज्ञावली. दुसरी अक्षरजुळणीची आज्ञावली. तिच्यात मजकूर आधी लिहिला जातो आणि पान नंतर तयार होते. या दोहोंतील भेद केवळ यंत्राचा नाही, तो लेखनाकडे पाहण्याच्या दृष्टीचाही आहे. प्रस्तुत पाठात तो एका उदाहरणाच्या साहाय्याने स्पष्ट केला आहे.

पाठ

चंदीगडच्या मध्यभागी सेक्टर १७ आहे. ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञाने १९५१ पासून या शहराचा आराखडा आखला, तेव्हा बाजार, बँका आणि कार्यालये यांसाठी हा भाग राखून ठेवण्यात आला. येथील फरसबंद चौक पादचाऱ्यांसाठी आहे. चौकाभोवतीच्या काँक्रीटच्या चारमजली इमारतींचे खांब ठरावीक अंतरावर उभे आहेत आणि व्हरांडे एका रेषेत आहेत. आतील जागेची विभागणी मालकाने गरजेप्रमाणे करावी, दर्शनी सांगाडा मात्र ठरलेल्या नियमानेच उभा राहावा, असा येथील दंडक होता. या एकसारखेपणाला कंटाळवाणे म्हणणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु खांब कोठे यावा आणि व्हरांडा किती रुंद असावा, याचा विचार प्रत्येक दुकानदाराला नव्याने करावा लागला नाही, हेही खरे.

याच सेक्टरात शहराचे मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय आहे. पंजाब विद्यापीठाचा परिसर सेक्टर १४ मध्ये आहे. समजा, या ग्रंथालयात बसून एखादी विद्यार्थिनी संत नामदेवांवर प्रबंध लिहीत आहे. विषय त्या भूमीला साजेसाच म्हणावा लागेल. नामदेवांनी आयुष्यातील बराच काळ पंजाबात घालवला, असे परंपरा सांगते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. तेव्हा या प्रबंधाच्या एकाच पानावर मराठी अभंग देवनागरीत येणार, पद गुरुमुखीत येणार आणि खाली तळटिपेत एखाद्या इंग्रजी ग्रंथाचे नाव रोमन लिपीत येणार. अशी तीनशे पाने, आठ प्रकरणे आणि पाचशे तळटिपा!

लेखन पूर्ण होत आले असताना मार्गदर्शक सुचवितात, की तिसरे प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्यावे. सूचना योग्य असते, पण तिच्यामुळे प्रकरणांचे क्रमांक बदलतात, तळटिपांचे क्रमांक बदलतात, अनुक्रमणिका बदलते. ‘पृष्ठ ११२ पाहा’ असे जेथे जेथे लिहिले असेल, तेथे तेथे तो आकडा खोटा ठरतो. प्रबंध सादर करण्यास पंधरवडा उरला असेल, तर विद्यार्थिनीचे ते पंधरा दिवस विचार करण्यात जातील की आकडे दुरुस्त करण्यात, हे तिने पहिल्या दिवशी कोणती पद्धत स्वीकारली यावर अवलंबून राहते.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी हा प्रश्न लेखकापुढे नव्हता. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि देवनागरीच्या सुबक छपाईचा एक मानदंड निर्माण केला. अशा छापखान्यात लेखकाचे हस्तलिखित येई, संपादक त्यावर खुणा करी: हे शीर्षक, हा उतारा आत घ्यावा, ही तळटीप. कोणता टाइप घ्यायचा, ओळीत किती अंतर सोडायचे, समास केवढा ठेवायचा, हे जुळारी आणि छापखान्याची रीत ठरवीत असे. लेखकाने काय लिहिले आणि ते कसे दिसावे, ही दोन कामे दोन हातांत होती.

वर्ड प्रोसेसरने ती एका हातात आणली. मायक्रोसॉफ्टचा ‘वर्ड’ १९८३ साली बाजारात आला; पुढे त्याच्यासारख्या आज्ञावल्या घराघरांत पोहोचल्या. पडद्यावर दिसते तसेच पान छापून निघते, हे त्यांचे मोठे आकर्षण. लेखक स्वतंत्र झाला, पण त्याच्या नकळत तो जुळारीही झाला. शीर्षक आले की ते निवडायचे, ठळक करायचे, मोठे करायचे. असे ऐंशी वेळा केल्यावर एखादे शीर्षक १६ आकाराचे, दुसरे १४ चे राहून जाते. डोळ्यांना ते शीर्षक दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तो केवळ मोठ्या अक्षरांतील मजकूर असतो. म्हणूनच संगणक त्याची अनुक्रमणिका करू शकत नाही.

दुसऱ्या मार्गाचा उगम एका लेखकाच्या नाराजीत आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली जुन्या पद्धतीच्या धातूच्या टाइपात छापला गेला होता. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली तेव्हा छपाईचे तंत्र बदलले होते आणि गणिती सूत्रांची शोभा गेली होती. क्नूथ यांनी ग्रंथलेखन बाजूला ठेवले आणि अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच लिहावयास घेतली. काम थोड्या महिन्यांत आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. त्यात सुमारे दहा वर्षे गेली. या आज्ञावलीचे नाव ‘टेख’. तिच्या आवृत्तीचा क्रमांक पाय या गणिती संख्येच्या दिशेने एकेक अंक पुढे सरकतो: ३.१, ३.१४, ३.१४१ असा. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर ‘लाटेख’ ही अधिक सोपी आज्ञावली उभारली. आज शास्त्रीय लेखनात ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

लाटेखमध्ये लेखक साधा मजकूर लिहितो. शीर्षक आले की उलटी तिरकी रेघ देऊन तिच्यापुढे रोमन लिपीतील एक आज्ञाशब्द लिहितो. त्याचा अर्थ इतकाच, की हे शीर्षक आहे. ते केवढे असावे, वर-खाली किती जागा सुटावी, हे एका वेगळ्या नियमपत्रात एकदाच ठरते. सेक्टर १७ च्या इमारतींचा जो दंडक, तोच येथे पानाचा. ‘पृष्ठ ११२’ हा आकडाही लेखक लिहीत नाही. ज्या जागेचा उल्लेख करावयाचा तिला तो एक खूण देतो आणि पान तयार होताना आकडा आपोआप भरला जातो. त्यामुळे प्रकरणांची अदलाबदल हे अर्ध्या तासाचे काम ठरते. शिवाय ओळी पाडताना ही आज्ञावली संपूर्ण परिच्छेदाचा एकत्रित विचार करते. त्यामुळे एक ओळ दाटलेली आणि दुसरी विरळ, असे सहसा होत नाही.

मग सर्वांनी लाटेखच का वापरू नये? कारण तिची किंमत पैशांत नसली तरी वेळात मोजावी लागते. आज्ञावली विनामूल्य मिळते. पण एखादा कंस मिटवायचा राहिला तर पान तयारच होत नाही आणि चूक दाखविणारा इंग्रजी संदेश नवख्याला घाबरवून सोडतो. मार्गदर्शकांना मजकुरातच दुरुस्त्या करावयाच्या असतील, केलेला प्रत्येक बदल रंगाने दिसावा अशी त्यांची अपेक्षा असेल, तर वर्ड प्रोसेसर अधिक सोयीचा ठरतो. भाषा, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतील पुष्कळ नियतकालिके वर्डचीच फाइल मागतात. आणि न्याय्य बोलायचे तर वर्ड प्रोसेसरमध्येही ‘स्टाइल’ नावाची सोय आहे. शीर्षकाला हाताने ठळक न करता ‘शीर्षक’ ही स्टाइल लावली, तर अनुक्रमणिका तेथेही आपोआप तयार होते. विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही हे सर्व आहे. ती सोय बहुतेक जण वापरीत नाहीत, हा आज्ञावलीचा दोष नव्हे.

मराठीतून लिहिणाऱ्यापुढे मात्र याहून आधीचा एक प्रश्न असतो. १९९० च्या दशकात मराठी पुस्तके आणि प्रबंध श्री-लिपी, आकृती यांसारख्या टंकांत तयार होत. त्या काळात छापील मराठी टिकवून धरण्याचे मोठे काम या टंकांनी केले. परंतु त्यांतील अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो टंक ज्या संगणकावर नसेल, तेथे अभंगाऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. जुने गुरुमुखी टंकही याच रीतीचे होते. म्हणजे नामदेवांच्या प्रबंधात मजकुराचा टंक चुकून बदलला, तर देवनागरी आणि गुरुमुखी दोन्ही एकाच वेळी निरर्थक होणार! युनिकोडने हा पेच सोडविला. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, हा मराठीतला बारीक पण महत्त्वाचा भेदही युनिकोडमध्ये नीट राखता येतो. विद्वानाच्या जागी स्वयंपाकी येऊ नये, एवढी काळजी प्रबंधात घ्यावयासच हवी.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहाकडे जाऊ लागली. तेथे जुन्या टंकातील प्रबंध डोळ्यांना वाचता येतो, पण त्यात ‘घुमान’ हा शब्द शोधावयास गेले तर तो सापडत नाही. पाच वर्षांच्या श्रमाचे फळ ग्रंथसंग्रहात असूनही शोधणाऱ्याच्या लेखी नसल्यासारखे होते.

टेखने देवनागरीकडे पूर्वीच लक्ष दिले होते. १९९१ साली नेदरलंड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी टेखसाठी देवनागरी तयार केली. तीत मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेख’ने युनिकोड स्वीकारले आणि मराठी सरळ मराठीतच लिहिता येऊ लागली. टंक मराठीसाठी आखलेला असेल, तर भाषा मराठी असल्याचे एकदा सांगितले की ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही त्यात मिळतात.

नामदेवांवर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने काय करावे? तीन लिपी, पाचशे तळटिपा आणि हाती तीन वर्षे असतील, तर पहिल्या वर्षी लाटेख शिकणे शहाणपणाचे. प्रबंध सहा महिन्यांत द्यावयाचा असेल आणि मार्गदर्शक वर्डमध्येच तपासणारे असतील, तर वर्ड प्रोसेसर घ्यावा. मात्र मजकूर युनिकोडमध्ये आणि प्रत्येक शीर्षक स्टाइलने. शिकण्याची सोय दूर नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने लाटेख आणि लिब्रेऑफिस या दोहोंचे ध्वनिचित्रपाठ तयार केले असून त्यांतील अनेक मराठीतूनही उपलब्ध आहेत. प्रथम दहा पानांचे एखादे प्रकरण दोन्ही साधनांत करून पाहावे. त्यात एक तळटीप, एक अभंग आणि एक ‘पृष्ठ पाहा’ असा उल्लेख अवश्य असावा.

स्वाध्याय

१. खिळ्यांच्या छपाईत लेखक आणि जुळारी यांची कामे कशी वाटली गेली होती? वर्ड प्रोसेसरमुळे त्यात कोणता बदल झाला?

२. सेक्टर १७ मधील इमारतींचा नियम आणि लाटेखमधील नियमपत्र यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘डोळ्यांना ते शीर्षक दिसते, संगणकाच्या लेखी मात्र तो केवळ मोठ्या अक्षरांतील मजकूर असतो.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

४. ‘दर्या–दऱ्या’ यासारख्या शब्दांच्या आणखी दोन जोड्या शोधा आणि त्या संगणकावर टंकलिखित करून पाहा.