एक जोडणी, अनेक उपकरणे

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीने सुरू केली. त्या काळी टेलिफोनची तार, मोडेम आणि संगणक ही तिन्ही साधने हाताशी असल्याशिवाय इंटरनेटचा उपयोग करता येत नसे. आज परिस्थिती पार बदलली आहे. देशातील दर शंभर इंटरनेट जोडण्यांपैकी नव्वदांहून अधिक जोडण्या बिनतारी आहेत आणि त्यांतील बहुतेक मोबाइल फोनवरच्या आहेत. असंख्य घरांत बाहेरच्या जगाकडे जाणारी एकमेव वाट खिशातील फोनमधून जाते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही वाट किती अरुंद आहे याचा अनुभव लक्षावधी कुटुंबांनी घेतला.

अशा घरातील लॅपटॉप, दुसरा फोन किंवा दूरचित्रवाणी संच यांना इंटरनेट हवे असेल, तर ते त्याच एका फोनकडून घ्यावे लागते. या व्यवहाराला ‘टेदरिंग’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे जनावर खुंटीला बांधून ठेवण्याचे दावे. बिनतारी पद्धतीने हीच सोय केली म्हणजे फोन ‘हॉटस्पॉट’ झाला असे म्हटले जाते. अँड्रॉइड प्रणालीत ही सोय २०१० साली तिच्या २.२ या आवृत्तीबरोबर आली. आयफोनमध्ये बिनतारी हॉटस्पॉट मार्च २०११ पासून सर्वत्र उपलब्ध झाला. सोय साधी दिसते. एक कळ दाबली की काम होते. परंतु त्या कळीमागे काय घडते आणि वाटून दिली जाणारी वस्तू नेमकी कोणती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जोडण्याचे तीन मार्ग

फोन दुसऱ्या उपकरणाला तीन मार्गांनी जोडता येतो. पहिला मार्ग वाय-फायचा. यासाठी फोन २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील रेडिओलहरी वापरतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक दूर जातात व भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतात. मात्र शेजारपाजारची असंख्य उपकरणे त्याच पट्ट्यात बोलत असल्याने तेथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वेग जास्त मिळतो, पण पल्ला कमी असतो. म्हणून लॅपटॉप त्याच खोलीत असेल तर दुसरा पट्टा निवडावा आणि मध्ये भिंत असेल तर पहिला.

दुसरा मार्ग यूएसबी तारेचा. एका वेळी एकच उपकरण जोडता येत असले, तरी हा मार्ग सर्वांत खात्रीचा आहे. हवेतील गर्दीचा त्याला उपद्रव होत नाही, परक्या माणसाला मध्ये शिरता येत नाही आणि लॅपटॉपकडून फोनला थोडी वीजही मिळत राहते. तिसरा मार्ग ब्लूटूथचा. त्याचा वेग सेकंदाला दोन-तीन मेगाबिटांपलीकडे जात नाही. पण वीज फार थोडी लागते. पत्रव्यवहार किंवा साधा मजकूर वाचणे एवढेच काम असेल, तर तो पुरेसा होतो.

दारावरचा दिवाणजी

मोबाइल कंपनीच्या दृष्टीने या सर्व उपकरणांचे अस्तित्वच नसते. तिने ओळख दिलेली असते ती एका सिमकार्डाला, आणि पत्ताही दिलेला असतो तो एका फोनला. मग एकाच फोनमागे बसलेल्या चार उपकरणांना आपापली माहिती अचूक कशी मिळते?

जुन्या शहरांतील एखाद्या मोठ्या वाड्याची कल्पना करावी. आत अनेक बिऱ्हाडे राहतात, पण टपालखात्याला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक आहे. दारावर एक दिवाणजी बसतो. आतून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर तो वाड्याचा पत्ता घालतो, एक खूणक्रमांक टाकतो आणि आपल्या वहीत नोंद करतो : अमुक क्रमांक, अमुक बिऱ्हाड. उत्तर आले की वही पाहून ते योग्य दारी पोहोचवतो. वहीत नोंद नसलेले पत्र मात्र तो आत जाऊ देत नाही.

हॉटस्पॉट सुरू केलेला फोन नेमके हेच काम करतो. जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणाला तो प्रथम एक घरगुती पत्ता देतो. आयफोनच्या बाबतीत हे पत्ते १७२.२०.१० या आकड्यांनी सुरू होतात. या पत्त्यांना वाड्याबाहेर काही अर्थ नाही. लॅपटॉपकडून निघालेली माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान लहान तुकड्यांत फोनकडे येते. फोन तिच्यावरचा घरगुती पत्ता काढून आपला पत्ता घालतो आणि ‘पोर्ट क्रमांक’ नावाची खूण जोडतो. हे क्रमांक पासष्ट हजारांहून अधिक असल्यामुळे वहीला जागेची टंचाई पडत नाही. पत्त्यांच्या या अदलाबदलीची पद्धत १९९४ साली प्रथम मांडली गेली. इंटरनेटच्या जुन्या व्यवस्थेत सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य होते आणि ते अपुरे पडणार हे तेव्हाच दिसू लागले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. पुढे मोबाइल कंपन्याही हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर करू लागल्या. म्हणजे वाड्याच्या दिवाणजीवर आता पेठेचा दिवाणजी बसला आहे.

नव्या व्यवस्थेत पत्त्यांची चणचण नाही. तिच्यात हॉटस्पॉटवरील प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. तथापि त्या पत्त्याचा पूर्वार्ध फोनला मिळालेलाच असतो. घराला क्रमांक निराळा मिळाला, तरी गल्लीचे नाव फोनधारकाचेच राहते.

वाटल्याने काय कमी होते

हॉटस्पॉटमुळे वेग निर्माण होत नाही. असलेला वेग विभागला जातो. मनोऱ्याकडून फोनला सेकंदाला दहा मेगाबिट मिळत असतील आणि चार उपकरणे एकाच वेळी चित्रफिती पाहू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर अडीच मेगाबिट येतील. वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसूनही काम मंद चालते, याचे कारण हेच. ते चिन्ह लॅपटॉप आणि फोन यांच्यामधील अंतर सांगते. फोन व मनोरा यांच्यामधील नाही. वेग वाढवावयाचा असेल तर लॅपटॉप नव्हे, फोन खिडकीपाशी नेला पाहिजे.

दुसरी गोष्ट मर्यादेची. भारतातील अनेक योजनांत रोज ठरावीक डेटा मिळतो आणि तो संपल्यावर वेग बहुधा ६४ किलोबिटांवर आणला जातो. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने चालणारी एक चित्रफीत सुमारे ६७ मिनिटांत एक गिगाबाइट संपवते. नंतरच्या मंद वेगाने एक मेगाबाइटचे साधे छायाचित्र यायलाही दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. फोनवर काटकसरीने पुरणारा डेटा लॅपटॉप जोडताच भराभर संपतो, कारण वाय-फाय म्हटले की संगणक ते अमर्याद समजतो आणि आपल्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या गुपचूप उतरवून घेऊ लागतो. ही जोडणी मोजणीची आहे असे संगणकाच्या सेटिंगमध्ये नोंदवून ठेवल्यास त्यातील बराचसा खर्च वाचतो.

तिसरी गोष्ट विजेची. दोन रेडिओ एकाच वेळी अखंड चालू राहिल्याने बॅटरी लवकर उतरते आणि फोन तापतो. उष्णता हा लिथियम बॅटरीचा शत्रू आहे. म्हणून हॉटस्पॉट चालू असलेला फोन उशीखाली, उन्हात किंवा बंद पेटीत ठेवू नये, आणि काम संपताच हॉटस्पॉट बंद करावा.

विकत घेतलेल्या डेटाचा उपयोग कोणत्या उपकरणावर करावा हे कोणी ठरवायचे, असा प्रश्नही उभा राहिला. काही देशांतील कंपन्या टेदरिंगसाठी वेगळे शुल्क घेत असत. अमेरिकेत २०१२ साली व्हेरायझन वायरलेस या कंपनीवर, टेदरिंगची अ‍ॅप्स ग्राहकांपासून अडवून ठेवल्याबद्दल तेथील संघीय दळणवळण आयोगाने चौकशी केली. कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

पत्ता ज्याचा, जाब त्याला

वेग आणि डेटा यांची वाटणी डोळ्यांना दिसते. न दिसणारी वाटणी अधिक महत्त्वाची आहे. दिवाणजी प्रत्येक पत्रावर वाड्याचाच पत्ता घालतो. त्यामुळे आतील कोणीही काहीही लिहिले, तरी जगाच्या दृष्टीने ते त्या वाड्यातून आलेले असते.

याचे गांभीर्य भारताला २००८ साली कळले. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबादमध्ये बाँबस्फोटांची मालिका घडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल पाठवला गेला होता. तपास यंत्रणा त्याच्या पत्त्याचा माग काढीत नवी मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचल्या. त्या घरातील वाय-फायला पुरेसे संरक्षण नव्हते आणि बाहेरच्यांनी त्याचा गैरफायदा घेतला होता. त्या घरातील रहिवाशाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता, तरीही चौकशीला प्रथम त्यालाच सामोरे जावे लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सेवेच्या सुरक्षित वापराविषयी इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. ते साधन घरातील राउटर होते. पण पत्ता ज्याचा, जाब त्याला, हे तत्त्व हॉटस्पॉटलाही तितकेच लागू आहे. फोनमधील वही अल्पजीवी असते. कोणत्या पाहुण्याने केव्हा काय केले, याचा पुरावा नंतर ती देऊ शकत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. हॉटस्पॉट कधीही पासवर्डाविना उघडा ठेवू नये. संरक्षणासाठी डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही पद्धत निवडावी. किमान आठ अक्षरांचा पासवर्ड सक्तीचा असतो, परंतु बारा-पंधरा अक्षरांचा, सहज न ओळखता येणारा पासवर्ड अधिक चांगला. मोबाइल क्रमांक किंवा जन्मतारीख पासवर्ड म्हणून वापरू नये, आणि हॉटस्पॉटला स्वतःचे पूर्ण नावही देऊ नये, कारण ते नाव आसपासच्या प्रत्येक फोनवर उमटते. प्रवासात अनोळखी माणसाला मदत केली असेल, तर घरी आल्यावर पासवर्ड बदलावा. तो एकदा सांगितला की ते उपकरण पुढच्या वेळी न विचारता जोडले जाऊ शकते. सध्या किती उपकरणे जोडलेली आहेत हे फोन दाखवतो. त्या संख्येवर नजर ठेवावी. दुसऱ्याचा उघडा हॉटस्पॉट वापरणाऱ्यानेही सावध असावे. अशा जोडणीवर बँकेचे व्यवहार टाळणे शहाणपणाचे ठरते, कारण आपली सारी पत्रे परक्या दिवाणजीच्या हातून जात असतात.

याचा अर्थ कोणाला जोडणी देऊ नये असा मात्र नाही. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असताना शेजारच्या मुलाला दहा मिनिटांसाठी दिलेला हॉटस्पॉट त्याचे एक वर्ष वाचवू शकतो. तार न पोहोचलेल्या गावात एका फोनवर घरातील दोन मुलांचा अभ्यास होऊ शकतो. देणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, तो केवळ थोडा डेटा देत नसतो. काही काळापुरता आपला पत्ताही देत असतो. म्हणून पासवर्ड ज्याला सांगायचा, त्याला तो विचारपूर्वक सांगावा आणि काम झाले की दार लावून घ्यावे.