छप्पर आधी खालून बघ

शहापूर,
एप्रिलअखेर

चि. भाच्यास,

मुरबाडकडच्या शाळांची छपरं पावसाआधी बघून अहवाल द्यायचं काम तुझ्याकडे आलंय, असं ताई फोनवर म्हणाली. ऐकून बरं वाटलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. हिशेब तुला माझ्याहून चांगले येतात. मी जन्मभर सुतारकाम आणि शाकारणी केली, त्यातले चार शब्द लिहितो.

शाळेत पोचल्यावर लगेच शिडी मागू नकोस. साडेबाराच्या सुमारास वर्गात जा, दारं-खिडक्या लावून घे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब. कौल जिथे फुटलंय किंवा सरकलंय, तिथून जमिनीवर कवडसा पडेल. मे महिन्यात आपल्याकडे त्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून भोक कवडशाच्या बरोबर वर सापडतं. जागेवर खडूने खूण कर. डोंगरालगतच्या गावांत वानरं कौलांवर उड्या मारतात, तिथे असे कवडसे डझनाने मिळतील.

ओलीच्या डागाचं मात्र तसं नाही. पाणी शिरतं एकीकडे, रिपेवरून, वाशाच्या अंगाने घरंगळतं आणि टपकतं भलतीकडेच. डाग दिसला की तिथून आढ्याकडे नजर ने. शिरायची जागा वरच असते.

मग वाशांची तोंडं बघ. वासा भिंतीत जातो तिथे ओल धरते आणि कूज तिथूनच सुरू होते. पेचकस घेऊन टोचून बघ. चांगल्या सागात टोक अडतं. कुजलेल्यात ते मुठीपर्यंत जातं, आणि बाहेर काढलं की त्याला ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुसा लागलेला असतो. वरून तोच वासा ऑइलपेंटने चकचकीत दिसेल. रंगावर कधी विश्वास ठेवू नकोस. भिंतीवरून चढलेली वाळवीची मातीची रेघही शोध. बाहेर आलास की लांब उभा राहून आढ्याची रेषा बघ. ती मध्ये झोळीसारखी बसली असेल, तर कौलं बदलून भागणार नाही.

आता सिमेंटच्या पत्र्यांचं. हे दोनदा वाच. तू पाळण्यात होतास तेव्हाची गोष्ट. एका शाळेच्या पत्र्यावर मी गळती बघायला चढलो. खिळ्यांच्या रांगेवर पाय ठेवला की खाली आधार असतो, असं मला शिकवलं होतं. पत्र्याला नवा रंग होता आणि रंगाखाली चीर होती. तडा गेल्याचा आवाज ऐकला तोवर मी खालच्या बाकांवर पडलो होतो. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून वर्ग रिकामा होता. माझा डावा हात खांद्यावर जात नाही, तो तेव्हापासून. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, खिळ्यांच्या रांगेवरसुद्धा नाही. दुरुस्तीला जावंच लागलं तर अनेक पर्लिनांवर टेकेल अशी लांब फळी टाकून, कमरेला दोर बांधून, सवयीच्या माणसांनी जावं. तुझी पाहणी खालून आणि शिडीवरून होते. जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. शेवाळ कोरडं खरवडू नकोस, तुकडे झाडू नकोस. ती धूळ फुप्फुसात जाऊन कायमची बसते. तुकडे उचलायचेच तर आधी पाणी मारायला सांग.

शिडी चार फूट चढत असेल तर पाया भिंतीपासून एक फूट लांब, हा हिशेब ठेव. वरचं टोक वळचणीच्या वर तीन फूट निघू दे. खाली एक माणूस शिडी धरून हवाच. शिडी लावण्याआधी विजेची तार बघ. पोलवरून आलेली तार लोखंडी पत्र्याला घासत असेल, तर वायरमन येऊन पोलवरून वीज तोडेपर्यंत कशालाच हात लावू नकोस. वळचणीखाली मोहोळ असेल तर त्या दिवशी परत फिर.

मे संपेपर्यंत वेळ आहे असं समजू नकोस. 2021 साली तौक्ते वादळ 17 मेलाच आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, ऐन शाकारणीच्या दिवसांत. वारा आधी वळचणीचा पत्रा उचलतो, म्हणून शेवटच्या रांगेतले हुक आणि वायसर एकेक करून बघ.

अहवालात 'छप्पर ठीक' असं लिहू नकोस. 'दुसरा वर्ग, दक्षिणेचं पाखं, आढ्यापासून तिसऱ्या ओळीत चार कौलं फुटलेली' असं लिही. जे बघता आलं नाही, ते बघितलं नाही म्हणून स्पष्ट लिही. त्याखाली कुणी सही मागितली तरी शब्द बदलू नकोस. जूनमध्ये त्या छपराखाली पोरं बसणार आहेत.

रविवारी किन्हवलीमार्गे येणारी एसटी धर. माझा दोर आणि लांब पेचकस काढून ठेवलेत, ते घेऊन जा. जेवण झाल्यावर आपल्याच पडवीचे वासे टोचून बघू. शिडी मी धरतो.

तुझा,
मामा