फुरसत आणि समाधान : गिर्यारोहणाचे उदाहरण

सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून सह्याद्रीचा कडा चढणाऱ्यास समाधान कशातून लाभते? विश्रांतीतून खचितच नाही. तो तर थकूनच परततो.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहायी यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात बुद्धिबळपटू व शल्यचिकित्सक यांच्याबरोबर प्रस्तरारोहकांच्या अनुभवांचाही अभ्यास मांडला. आव्हान आणि कौशल्य तुल्यबळ असतात, तेव्हा मनुष्य कृतीत तल्लीन होतो व काळाचे भान हरपते. या अवस्थेला त्यांनी ‘प्रवाह’ म्हटले. आव्हान जड झाले की धास्ती, हलके पडले की कंटाळा.

१,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरील लोखंडी शिड्या नवख्याला थरारून सोडतात; मुरलेला गिर्यारोहक मात्र अवघड सुळक्यांकडे वळतो. कौशल्य वाढले, की जुने समाधान पुरत नाही. धोकाही येथेच आहे : स्वतःच्या कौशल्याचा अंदाज चुकलेला मनुष्य धास्तीची पायरी ओलांडून थेट अपघाताकडे जातो.

या उपपत्तीत सोबत्याला मात्र पुरेसे स्थान मिळत नाही, असे वाटते. दोराचे दुसरे टोक धरणाऱ्यावर भरवसा नसेल, तर तल्लीनता कोठून येणार?

स्वाध्याय : आपल्या आवडीच्या एखाद्या मैदानी छंदात आव्हान व कौशल्य यांचा तोल केव्हा साधला, केव्हा ढळला, ते दहा ओळींत लिहा.