मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकू

पाली सोडून तुळजापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात मांजरसुंब्याचा घाट येतो. चढावर मोटारसायकलवर मागे बसलेल्याचं अंग मागे ओढलं जातं आणि सगळा भार हातांवर येतो. पुढे चौसाळा, धाराशिव करत तुळजापूर गाठेपर्यंत त्याची कंबर धरते. क्लासिक, मीटिओर, हिमालयन अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांना म्हणूनच बॅकरेस्ट, म्हणजे पाठीचा टेकू, लावतात. ती काढता-घालता येणारीच घ्या, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे साडी नेसलेली बाई एका बाजूला बसते. तिच्या पाठीला या टेकूचा काही उपयोग नाही, उलट टेकूची दांडी दंडाला रुतते. आई बसणार असेल किंवा कडब्याची पेंढी बांधायची असेल, तर टेकू काढून घरी ठेवता आला पाहिजे.

टेकूचं किट आपल्याच मॉडेलचं आणि त्याच सालच्या गाडीचं आहे ना, हे आधी बघा. धरायची दांडी काढून टाकायला लावणारं किट नको. मागच्याला धरायला कायमची दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून आडोसा, हे तिन्ही मोटार वाहन नियमांनीच बंधनकारक केलेलं आहे.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. सीट काढा. टेललाइट आणि इंडिकेटरच्या वायरी कुठून जातात ते नीट पाहून ठेवा, म्हणजे टेकू ज्यावर बसतो त्या किटच्या पट्टीखाली एखादी चेपणार नाही. मग धरायच्या दांडीचे बोल्ट सोडवा. पुढे कधी टेकू कायमचा काढला तर लागतील, म्हणून जुने बोल्ट डबीत जपून ठेवा.

आता खरं काम. या बोल्टांखाली येणाऱ्या पट्टीची जाडी चार-पाच मिलिमीटर असते, म्हणजे जुना बोल्ट तेवढा कमी आत जातो. म्हणून किटमधले लांब बोल्टच वापरा. आठ मिलिमीटरचा बोल्ट निदान आठ मिलिमीटर तरी आट्यांत शिरला पाहिजे. तो फार लांबही नको, खाली मडगार्डला किंवा वायरीला टेकेल. पट्टी जागेवर धरून प्रत्येक बोल्ट आधी बोटांनीच फिरवा. दोन-तीन आटे सहज गेले नाहीत तर बोल्ट तिरका लागला आहे, बाहेर काढून पुन्हा लावा. तिथे पान्याने जोर केला की चेसिसचे आटे गेलेच समजा, आणि मग ते दुरुस्त करून घ्यावे लागतात. सगळे बोल्ट लागल्यावर समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. स्प्रिंग वायसर विसरू नका. किती आवळायचं ते किटच्या कागदावर असतं. टॉर्क पाना घरी नसेल तर शेवटचा आवळा गॅरेजमध्ये मारून घ्या.

सीट बसवा, उभी दांडी खाचेत सरकवा आणि खटका लावा. दोन्ही हातांनी वर उपसून बघा, मग मागे रेटा. जराही हलता कामा नये. गादी कमरेच्या वरच्या भागाला टेकावी, मानेखाली नव्हे, आणि किंचित मागे कललेली असावी. नेहमी जो मागे बसतो त्यालाच बसवून उंची ठरवा. चढताना त्याचा पाय टेकूच्या दांडीत अडकतो. म्हणून चालकाने आधी बसून गाडी पेलावी आणि मग मागच्याने फूटरेस्टवर उभं राहून पाय पलीकडे टाकावा. टेकूच्या दांडीला बॅग लटकवू नका. वजन चाकाच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं पडतं. दोघं बसणार असाल तर मागच्या टायरमध्ये दोघांसाठी सांगितलेली हवा भरा आणि शॉकॲब्झॉर्बर एक-दोन खाचा कडक करा.

पहिली फेरी मांजरसुंब्यापर्यंतच मारा. गतिरोधकावर मागून खडखड येते का ते मागच्याला ऐकायला सांगा. परत आल्यावर सगळ्या बोल्टना पुन्हा पाना लावा. नवी पट्टी जागेवर बसताना ते सैल होतात.

टेकू आहे म्हणून पेंगणारं पोर त्याच्या भरवशावर मागे बसवू नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला जोडणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरच्या आतला वेग, हा केंद्राचा नियम 2022 च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला आहे. तो पाळा.