अगतिक कोणाला म्हणावे?

सेवेला बाहेर पडण्यापूर्वी आज एका शब्दापाशी थोडे थांबू या. तमिळमध्ये निर्वासिताला 'अगदि' म्हणतात. शब्द परका वाटतो, पण तो संस्कृत 'अगति'वरून आला आहे. गती म्हणजे पुढची वाट, आसरा. ती ज्याला उरली नाही तो अगदि. मराठीतला आपला 'अगतिक' याच कुळातला. आपण तो दोन घटकांच्या हतबलतेसाठी वापरतो. चेन्नईच्या उत्तरेला, लोकलने जाता येईल अशा गुम्मिडिपूंडी गावातल्या छावणीत मात्र आजोबा, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांची ओळखच या शब्दाने होत आली.

जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांविरुद्ध भीषण हिंसाचार झाला. कोलंबोत घरे-दुकाने जळाली आणि कुटुंबेच्या कुटुंबे होड्यांतून रामेश्वरच्या किनाऱ्याला लागू लागली. मंडपमला नोंद व्हायची, मग राज्यभरातल्या छावण्यांत रवानगी. भाषा एक, देव तेच, त्यामुळे सहानुभूतीला तोटा नव्हता.

मग २१ मे १९९१ चा दिवस आला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. ती श्रीलंकेतल्या एका सशस्त्र संघटनेने केली होती, पण संशय मात्र छावणीतल्या प्रत्येक कुटुंबावर आला. मुलांच्या शिक्षणाच्या सवलती गेल्या, सेवासंस्थांना छावण्यांत जाणे अवघड झाले. १९९२ मध्ये लोकांना परत पाठवणे सुरू झाले. ते स्वखुशीने जात आहेत ना, हे पाहण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक यंत्रणेचे कार्यालय चेन्नईत उघडावे लागले.

आपला खरा अभ्यास इथून सुरू होतो. सगळा गाव हळहळत असताना धान्याची गोणी नेऊन देणे सोपे आहे. गावाने पाठ फिरवल्यावर त्याच दारात जायचे तर मनात काय असावे लागते? करुणा भावनेच्या लाटेवर उभी असेल तर लाटेबरोबरच ओसरते. स्वतःला विचारून पाहा, उत्तर लगेच येणार नाही.

त्या काळातही टिकलेले एक काम पाहू या. श्रीलंकेतले तमिळ नेते चेल्वनायगम यांचे पुत्र एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४ मध्ये चेन्नईत ईलम निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिचे कार्यकर्ते बहुतांशी निर्वासितच. छावणीतल्या शिकलेल्या मुलीने संध्याकाळी धाकट्यांची शिकवणी घ्यायची, बायकांनी बचतगट चालवायचे, कुपोषित मुलांसाठी स्पिरुलिना हे पौष्टिक शेवाळ छावणीतच वाढवायचे. बाहेरच्याने साधन द्यावे, शिकवावे आणि बाजूला व्हावे. हे 'बाजूला होणे' आपल्याला फार जड जाते. पंगतीत वाढणाऱ्याचा हात नेहमी वर असतो, आणि त्या उंचीची सवय लागते.

सर्वांत किचकट काम कागदांचे. छावणीत जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एकही भारतीय नागरिक नसेल, तर १ जुलै १९८७ नंतर केवळ इथल्या जन्मामुळे त्याला नागरिकत्व मिळत नाही. श्रीलंकेचे मिळवायचे तर जन्मदाखला हवा आणि चेन्नईतल्या त्यांच्या उप-उच्चायुक्तालयात नोंद हवी. त्यातही अनेकांचे पूर्वज मुळात तमिळनाडूतूनच चहाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. १९४८ च्या सिलोनच्या कायद्याने ते तिथेही कुणाचेच राहिले नाहीत. अशा माणसाला 'तुमचा देश कोणता' हा रकाना कसा भरायचा? नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की अर्ज परत, पुन्हा रांग. या कामाचा फोटो निघत नाही, हारतुरे मिळत नाहीत. म्हणूनच साधना म्हणून याची बरोबरी करणारे दुसरे काम मला तरी सुचत नाही.

आपल्यापैकी कुणाला अशा वस्तीत जाण्याचा योग आला, तर आधी परवानगीचे पाहा, मग तिथल्याच लोकांना विचारा की काय हवे आणि कधी यावे. छावणीत ठरावीक दिवशी हजेरी होते, तिच्यावर महिन्याची मदत अवलंबून असते. नेमका त्याच दिवशी आपला कार्यक्रम ठेवला, तर सोय कुणाची झाली?

चेन्नई दूर वाटत असेल तर आपल्या जवळचे पाहा. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या हजारो निर्वासितांची वसाहत होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबे आली, त्यांचे पुढे उल्हासनगर झाले; तरी 'निर्वासित' हा शब्द कितीतरी वर्षे आपल्या तोंडून गेला नाही. पुढच्या अभ्यासवर्गाला येण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठांना विचारा, तो शब्द ते कोणत्या सुरात उच्चारत असत.

ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने छावण्यांचे नाव बदलून 'पुनर्वसन छावणी' केले. कुटुंबप्रमुखाची मासिक मदत १,००० वरून १,५०० रुपये झाली, नवी घरे बांधायला घेतली गेली. पण नाव बदलण्याच्या कितीतरी आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा या छावण्यांमधले स्वयंसेवक मदतीला निघाले. घर आणि माणसे एका दिवसात गमावलेल्या भारतीय कुटुंबांशेजारी जाऊन ते बसले.